साम्रदच्या खाचरातून मिथुनेतल्या उल्का

ऑगस्टमधला ययाती (पर्सियस) तारकासमूहाचा उल्कावर्षाव जगभर गाजतो, पण तेव्हा सह्याद्रीवर ढग असतात. आपल्याकडे कॅमेरा लावायचा तर डिसेंबरच्या १३-१४ तारखेचा मिथुनेचा वर्षावच खरा. २०२३ मध्ये अमावास्या नुकतीच होऊन गेली होती, म्हणून १४ डिसेंबरला घोटी-शेंडीमार्गे रतनगडाजवळचं साम्रद गाव गाठलं. गावात घरगुती जेवण आणि मुक्काम मिळतो. परिसर अभयारण्याचा आहे, तेव्हा रात्री गावाजवळच्या सांदण दरीत उतरू नका. मालकाला विचारून भात निघालेल्या खाचरातच ट्रायपॉड लावा.

पश्चिमेला मुंबई-कल्याणचा उजेड क्षितिजावर दिसतोच, त्यामुळे कॅमेरा दक्षिणेकडे धरला. खाली रतनगडाची काळी कडा, मध्यरात्रीनंतर वर मृग आणि व्याध. उल्का पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्याजवळून फाकताना दिसतात आणि तिथे त्यांच्या रेघा आखूड पडतात. लांब रेघ हवी तर कॅमेरा तिथून बराच दूर वळवावा. कॅस्टर पहाटे अडीचच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. उल्का सर्वाधिक तेव्हाच दिसतात, म्हणून बारा वाजता आवरू नका.

एक गोष्ट नीट समजून घ्या. उल्का चौकटीत सेकंदभरही टिकत नाही. शटर जास्त वेळ उघडं ठेवल्याने ती उजळत नाही, उजळतं ते मागचं आभाळ. तिला पकडतं ते मोठं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) आणि जास्त आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता). मी १४ मिमी लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, १५ सेकंद ठेवलं आणि इंटरव्हॅलोमीटरवर, म्हणजे आपोआप एकामागून एक फोटो काढणाऱ्या टायमरवर, सलग फोटो चालू दिले. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करण्याची सोय) बंदच ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून पडतो. फोकस व्याधावर, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) चित्र मोठं करून जुळवा आणि फोकसच्या रिंगला चिकटपट्टी लावा. या उल्का सेकंदाला साधारण ३५ किलोमीटर वेगाने येतात. ययातीच्या ५९च्या मानाने हा वेग बराच कमी, त्यामुळे सेन्सरवर त्यांचा ठसा ठळक उमटतो. रतनगडाच्या खुटा नावाच्या सुळक्याकडे उतरलेला पिवळसर अग्निगोल (फार तेजस्वी उल्का) कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. फेथॉन नावाच्या, १९८३ साली सापडलेल्या लघुग्रहाची ती धूळ!

पहाटे दव फार पडतं. लेन्सभोवती हात शेकायची गरम पुडी फडक्याने बांधा, जादा बॅटऱ्या खिशात उबेला ठेवा.

२०२६ च्या मिथुनेच्या वर्षावात चंद्र मध्यरात्रीआधीच मावळेल. शनिवार-रविवारची गर्दी टाळून सोमवार, १४ डिसेंबरची रात्र धरा.