तुम्ही विचारलंत म्हणून: एआयच्या ब्रँचमध्ये शिकवतात तरी काय?

बारावीचे निकाल लागले की कॉलेजात येणारे पालक मला हमखास विचारतात, "मॅडम, ह्या एआयच्या ब्रँचमध्ये शिकवतात तरी काय?" कागल, गडहिंग्लज, शिरोळहून आलेली माणसं असतात, उसाच्या बिलातून फी भरणारी. त्यांच्या हाती नुसतं माहितीपत्रक देणं मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता (आर्टिफिशियल इंटेलिजन्स), नावाचं एकच एक यंत्र कुठंही नाही. जी करायला माणसाला बुद्धी लागते, अशी कामं संगणकाकडून करून घ्यायच्या वेगवेगळ्या खटपटींचं हे सामायिक नाव आहे. यंत्राला विचार करता येईल का, हा प्रश्न ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली मांडला. पुढं जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात अभ्यासकांना एकत्र बोलावलं आणि त्यासाठी आधी लिहिलेल्या प्रस्तावात हे नाव वापरलं.

सुरुवातीची बरीच वर्षं भर नियम लिहून देण्यावर होता. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये 'मायसिन' नावाची प्रणाली झाली. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कुठलं औषध द्यावं, हे ती डॉक्टरांकडून घेतलेल्या शेकडो नियमांवरून सुचवायची. पण जाणत्या माणसाचं सगळं ज्ञान नियमांत मावत नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या पाकाचा रंग आणि बुडबुडे बघून काहील उतरवायला सांगतो. कसं कळलं म्हणून विचारा, त्याला सगळं सांगता येणार नाही. काहिलीमागून काहिली बघून त्यानं ते कमावलेलं असतं.

मशीन लर्निंग ही अशीच बघून-बघून शिकायची दुसरी वाट. इथं नियम देत नाहीत, उदाहरणं देतात. न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेली गणिती रचना, हिच्या आत लाखो-कोट्यवधी आकडे असतात. उत्तर चुकलं की चूक कमी होईल अशा बाजूला ते आकडे किंचित हलवायचे आणि हे पुन्हा पुन्हा करत राहायचं. अभ्यासक्रमातला मोठा भाग ह्या एवढ्या गोष्टीभोवती फिरतो, आणि त्यासाठी मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, संभाव्यता पक्की लागते.

बाकीच्या शाखा त्या-त्या कामाच्या. काँप्युटर व्हिजन म्हणजे चित्रातलं ओळखणं. २०१२ मध्ये जेफ्री हिंटन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांचं नेटवर्क सुमारे १२ लाख फोटोंवर शिकून मोठ्या स्पर्धेत बाकीच्यांच्या खूप पुढं गेलं, तिथून हे क्षेत्र बदललं. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगवरचं ब्लो होल (ओतकामात वायूमुळं पडलेलं छिद्र) कॅमेऱ्यानं हेरायचं तर हेच तंत्र लागतं. मात्र चांगल्या आणि रिजेक्ट झालेल्या मालाचे भरपूर फोटो आधी कुणीतरी नीट वेगळे करून ठेवावे लागतात. रोबोटिक्स आहे. करून बघत, बक्षीस-दंडातून शिकणं आहे. २०१६ मध्ये कोरियाचे नामांकित खेळाडू ली सेडॉल यांना 'गो' ह्या पटावरच्या खेळात हरवणारं अल्फागो त्यातूनही तयार झालं. रंकाळ्यावरून जोतिबाला जायचा रस्ता फोन शोधतो, तसा शोध हीसुद्धा एआयचीच जुनी शाखा. त्यातली ए-स्टार पद्धत १९६८ ची.

अंदाज बांधण्याची शाखा आपल्या फार जवळची. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे इथल्या पोरालाही पाठ आहे. पण २०१९ आणि २०२१ सारखे महापूर नोंदींत मोजकेच. जे क्वचित घडतं, ते उदाहरणांवरून शिकणं यंत्राला अवघड जातं. म्हणून पाऊस, धरणाचा विसर्ग आणि नदीचा उतार यांचं जुनं गणित सोडून चालत नाही.

आणि भाषा. चॅटजीपीटीसारखी साधनं याच शाखेतली. त्यांच्या मुळाशी २०१७ साली गुगलच्या संशोधकांनी मांडलेली ट्रान्सफॉर्मर रचना आहे. प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द कुठला येईल, हे ती शिकतात. वाक्य झोकात जमतं, म्हणून ते खरं असतंच असं नाही.

मला सर्वात जास्त आस्था इथं आहे. आम्ही कोल्हापूरच्या बायका "मी आलो, मी जेवलो" असंच बोलत मोठ्या झालो. प्रमाण मराठीवर शिकलेलं यंत्र ते वाक्य हिंदीत नेताना सहज पुरुषाच्या तोंडी घालेल, कारण आमचं बोलणं त्याच्या उदाहरणांत जवळपास नाहीच. "काय करालाईस" (काय करतोयस) ह्याचंही तेच. हे आपोआप सुधारणार नाही. कुणीतरी गावोगाव जाऊन, माणसांची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करायला हवं, आणि शुद्ध न करता जसंच्या तसं लिहून काढायला हवं. माझ्या विद्यार्थ्यांना मी प्रोजेक्टसाठी हाच विषय आग्रहानं सुचवते.

तेव्हा ब्रँच घेताना नावावर जाऊ नका. पोराला, पोरीला गणितात रस आहे का ते बघा. कॉलेजला विचारा, की विद्यार्थी स्वतः डेटा गोळा करतात का, की तयार फाइल उतरवून घेऊन प्रोजेक्ट दाखवतात. आणि रस गणितात असूनही ही ब्रँच मिळाली नाही, तर साध्या काँप्युटरला खुशाल पाठवा. तिथंही हे विषय घेता येतात.