घर जपायचंय ना, मग कार्यक्रम कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जुन्या घराचं संग्रहालय आणि त्याभोवतीची बाग, तिथले कार्यक्रम ठरवणं हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न मला फार जणांनी विचारलाय. "घर जपायचंय ना तुम्हाला? मग तिथे गाणी, व्याख्यानं, मुलांच्या सहली, बागेतल्या कार्यशाळा कशाला? लोकांनी यावं, बघावं, जावं." काही जण हे वास्तूच्या काळजीपोटी विचारतात, तर काहींना वाटतं की हा पैसे उभे करायचा मार्ग आहे. माझं उत्तर दोघांनाही एकच आहे, फक्त ते एका वाक्यात मावत नाही.

चित्रांच्या दालनात एखादं चित्र सकाळी पाहिलं काय आणि संध्याकाळी पाहिलं काय, फारसं बिघडत नाही. घराचं तसं नसतं. एखादी खोली सकाळच्या उन्हासाठी पूर्वेला काढलेली असते, दिवाणखाना रात्रीच्या दिव्यांसाठी सजवलेला असतो. आरसा नेमका त्याच भिंतीवर का आणि चौकटीला सोनेरी मुलामा कशासाठी, हे भर दुपारी विजेच्या झगझगाटात कळत नाही. तिकीट काढून येणारा माणूस मात्र बहुतेक वेळा दुपारीच येतो. दोरीच्या अलीकडून चालतो, पाट्या वाचतो आणि बाहेर पडतो. घरातल्या वस्तू त्याला दिसतात. ते घर चालायचं कसं, कोण कधी उठायचं, पाणी कुठून यायचं, पाहुण्यांना कुठवर प्रवेश होता, यातलं काही दिसत नाही. कार्यक्रम हवेत ते हे दाखवायला.

अर्थात कुठलाही कार्यक्रम चालत नाही. आमच्याकडे दर महिन्याला नवनवे प्रस्ताव येतात आणि त्यातले पुष्कळसे चांगले असतात, पण ते कुठल्याही सभागृहात तितकेच चांगले झाले असते. माझी कसोटी एवढीच असते: हा कार्यक्रम याच घरातून निघालाय का?

लंडनमधलं जॉन सोन यांचं घर मला या बाबतीत नेहमी आठवतं. सोन हे वास्तुविशारद. १८३३ मध्ये त्यांनी ब्रिटिश संसदेकडून खास कायदा करून घेतला आणि आपल्यामागे घर शक्यतो जसंच्या तसं राहील अशी तजवीज केली. १८३७ मध्ये ते गेले. लहानलहान खोल्या, बहिर्गोल आरसे, छतातल्या रंगीत काचांतून झिरपणारा पिवळसर उजेड आणि भिंती दिसू नयेत इतके पुतळे व दगडी अवशेष, असं ते घर आहे. १८२४ मध्ये त्यांनी इजिप्तचा राजा पहिला सेती याची अलाबास्टर या फिकट, मऊ दगडाची शवपेटी विकत घेतली आणि १८२५ च्या मार्चमध्ये ती दाखवायला तीन संध्याकाळी पाहुणे बोलावले. जवळजवळ नऊशे माणसं येऊन गेली. घरभर दिवे आणि मेणबत्त्या मांडल्या होत्या. अलाबास्टरमधून उजेड आरपार येतो, म्हणून त्या दगडाला दिव्यांच्या उजेडात पाहण्यातच मौज. आता त्याच घरात संध्याकाळी, मेणबत्त्यांच्या उजेडात लोकांना फिरवण्याची प्रथा आहे. लोकांना ओढायला काढलेली ही नवी क्लृप्ती वाटेल, पण घराच्या मालकाने स्वतःच ते घर असं दाखवलं होतं. सावल्या कुठे पडाव्यात याचा हिशेब करून बांधलेलं घर अंधार पडल्यावर दाखवलं नाही, तर त्याचा मोठा भाग बंदच राहिला म्हणायचा.

आता काळजीचा मुद्दा. तो खोटा नाही. माणसांमुळे घर झिजतंच. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो आणि श्वासाबरोबर बाष्प सोडतो. बंद खोलीत चाळीस श्रोते तासभर बसले तर तिथली हवा बदलते. लाकूड फुगतं आणि माणसं गेल्यावर आक्रसतं. हे वारंवार झालं की लाकडावर चिकटवलेले पातळ पापुद्रे सुटू लागतात. उजेडाचं आणखी अवघड, कारण त्याने उडालेला रंग परत आणता येत नाही. जुनं कापड, जलरंग, हस्तलिखितं यांच्यासाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासचा मंद उजेड पुरे धरतात, आणि झालेलं नुकसान साठत जातं: आज तासभर, उद्या तासभर, सगळं एकाच खात्यात. साठ किलोच्या व्यक्तीचा टाचेवर पडणारा भार टोकदार सँडलमध्ये जेमतेम एका चौरस सेंटिमीटरवर येतो आणि जुन्या लाकडी जमिनीत खळगा पाडतो. पाठीवरची सॅक तर सर्वांत वाईट, कारण ती कशाला घासतेय हे तिच्या मालकाला दिसतच नाही.

फुलांचंही सांगायला हवं, कारण त्यावरून माझे निमंत्रितांशी कायम मतभेद होतात. कार्यक्रम आहे म्हटलं की प्रत्येकाला बागेतली ताजी फुलं कापून दिवाणखान्यात ठेवायची असतात. दिसायला सुंदर. पण गालिचा आणि लोकर खाणाऱ्या किड्यांचे प्रौढ बाहेर फुलांवर परागकण खात जगतात. फुलांबरोबर ते घरात येतात, अंडी घालतात, आणि त्यांच्या अळ्या गालिच्याला, शालींना, भुसा भरलेल्या पक्ष्यांना लागतात. त्यामुळे आत येणारं फूल आधी तपासलं जातं आणि कापडाजवळ ठेवलं जात नाही.

तर मग कार्यक्रम बंद करावेत का? मला उलट वाटतं. हे सगळं नुकसान गर्दीच्या साध्या दिवशीही होतं, तेही कुणाच्या लक्षात न येता. कार्यक्रमाच्या दिवशी निदान माणसं मोजलेली असतात, बुटांवर कापडी मोजे चढवलेले असतात, सॅक बाहेर ठेवलेली असते आणि उजेड किती वेळ ठेवायचा हे ठरलेलं असतं. आणि जे घरात मावत नाही ते बाहेर न्यायचं असतं. अमेरिकेत बॉस्टनमध्ये कलासंग्राहक इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांनी उभारलेलं संग्रहालय याचं उत्तम उदाहरण आहे. आपल्या मांडणीत बदल करायचा नाही अशी अट त्यांनी मृत्युपत्रात घातली होती. पण संगीत हाही त्या जागेचा पहिल्या दिवसापासूनचा भाग, कारण १९०३ च्या १ जानेवारीला संग्रहालय उघडलं तेच मैफलीने. पुढे अनेक वर्षं मैफली भिंतीवर विणलेली चित्रं टांगलेल्या मोठ्या दालनात होत राहिल्या. शेवटी २०१२ मध्ये शेजारी वास्तुविशारद रेंझो पियानो यांनी आखलेली नवी इमारत उभी राहिली, तिच्यात संगीताचं सभागृह आलं, आणि जुन्या वास्तूवरचा ताण कमी झाला. संगीत थांबलं नाही, मांडणीही मोडली नाही. अशी इमारत बांधायची ऐपत फार थोड्यांची असते हे मला ठाऊक आहे. तरी गर्दी बागेत आणि मोजकी माणसं घरात, हा त्यामागचा विचार कुणालाही जमण्यासारखा आहे.

बागेवर मात्र लोक निर्धास्त असतात. "बागेला काय होतंय, मोकळीच तर आहे." बागेला पुष्कळ होतं. झाडाची पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. त्या मातीवर खुर्च्यांच्या रांगा आल्या, मांडवाचे खांब रोवले गेले, सामानाची गाडी दोन-चार वेळा फिरली की माती घट्ट होते आणि तिच्यातल्या हवेच्या जागा बुजतात. झाड लगेच काही बोलत नाही. दोन-तीन हंगामांनी शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागतात आणि तोवर तो कार्यक्रम सगळे विसरलेले असतात. म्हणून कार्यक्रमाचा नकाशा काढताना माळी शेजारी बसलेला हवाच. कुठली हिरवळ या महिन्यात विश्रांतीला आहे, कुठल्या झुडपात घरटं आहे आणि तिथे ध्वनिवर्धक नको, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. ओल असेल तर कार्यक्रम पुढे ढकलायचा अधिकारही त्याच्याकडे असावा असं माझं ठाम मत आहे.

आणि बाग ही घरापेक्षा वेगळ्या चालीची असते. खुर्ची शंभर वर्षं तीच राहू शकते. वाफ्यातलं रोप नाही राहत. जुनी बाग जपायची म्हणजे ती दरवर्षी नव्याने लावायची, आणि ते कौशल्य हातातून हातात गेलं नाही तर बाग नावापुरती उरते. गार्डनर संग्रहालयात एप्रिलच्या सुमारास, त्यांच्या वाढदिवसाच्या आसपास, आतल्या चौकात वरच्या सज्जांवरून नॅस्टर्शियमच्या नारिंगी फुलांच्या वेली सोडतात. वीसेक फूट लांब. ही प्रथा त्यांनीच सुरू केलेली. बघायला मिळतात जेमतेम तीन आठवडे, पण त्यासाठी आदल्या उन्हाळ्यात बी पेरावं लागतं आणि हिवाळाभर काचघरात एकेक वेल हाताने वळवत वाढवावी लागते. हा शंभर टक्के कार्यक्रम आहे, फक्त त्यातले कलाकार माळी आहेत. मला अशा गोष्टी व्याख्यानांपेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात. छाटणीची कार्यशाळा, बी गोळा करण्याची सकाळ, कलमं बांधायला शिकवणं. इंग्लंडमध्ये ग्रेट डिक्स्टर इथे घर आणि बाग दोन्ही आहेत, आणि तिथे बागकाम शिकायला माणसं येऊन राहतात. तिथल्या मातीत शिकलेला माणूस दुसऱ्या बागेत जातो तेव्हा आपली बाग तेवढी बाहेर पसरते.

एक प्रश्न मला फारसा कुणी विचारत नाही, पण विचारायला हवा: घर कोणाचं? पाटीवर मालकाचं नाव असतं. चूल पेटवणारी, पाणी भरणारी, बाग शिंपणारी माणसं त्याच छपराखाली आयुष्यं काढून गेली, आणि त्यांच्या वस्तू मागे राहिल्या नाहीत म्हणून मांडणीत ती नाहीत. वस्तू नसतील तिथे गोष्ट सांगणारा माणूस लागतो, म्हणजे कार्यक्रमच लागतो. न्यूयॉर्कमधली ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ मध्ये बांधलेली भाड्याच्या खोल्यांची इमारत. १९३५ पर्यंत तिच्यात सुमारे सात हजार माणसं राहून गेली, बहुतेक परदेशातून आलेले कष्टकरी. १९८८ मध्ये तिचं टेनमेंट म्यूझियम करायचं ठरलं. तिथल्या खोल्या एकट्याने फिरून पाहायच्या नसतात, वाटाड्या बरोबर असतो आणि एकेका कुटुंबाची हकीकत त्यांच्याच खोलीत उभं राहून ऐकायची असते. अमेरिकेतच जोसेफ मॅकगिल यांनी २०१० मध्ये याहून कठीण काम सुरू केलं. जुन्या मळ्यांवर गुलामांना जिथे राहावं लागे त्या झोपड्यांमध्ये ते रात्री मुक्काम करतात, इतरांनाही बरोबर घेतात, आणि झोपण्याआधी गुलामगिरीवर मोकळं बोलणं होतं. मोठं घर पाहायला आलेली माणसं त्यामुळे मागच्या झोपडीपर्यंत पोचतात. हे मला या क्षेत्रातलं फार मोलाचं काम वाटतं.

काही घरांना मात्र कमीच कार्यक्रम शोभतात. पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या आवारात कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या आहेत. १९४२ ते १९४४ या काळातल्या स्थानबद्धतेत दोघांचाही तिथेच अंत झाला. अशा जागी काय करायचं हे ती जागाच सांगते, आणि ते ऐकणं हाही नियोजनाचा भाग आहे.

पैशांचं थोडक्यात. हो, पैसे लागतात. छप्पर गळतं, वाळवी लागते, माळ्याचा पगार द्यायचा असतो, आणि तिकिटांतून हे क्वचितच भागतं. हिरवळ भाड्याने देणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण खोल्यांमध्ये समारंभ, मूळ फर्निचरवर बसून फोटो, रात्री उशिरापर्यंत मोठे दिवे, याला नाही म्हणता आलंच पाहिजे. भाडं कितीही मिळो, एकदा विटलेलं रेशीम त्यातून परत येत नाही.

यानंतर माणसं हमखास विचारतात, "मग आम्ही पहिल्यांदा कोणत्या कार्यक्रमाला येऊ?" मी त्यांना साफसफाई दाखवतात त्या दिवशी जायला सांगते. ब्रिटनमधल्या नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या कित्येक घरांत हिवाळ्यात खोल्या आवरून झाकून ठेवतात आणि काही ठिकाणी ते काम पाहुण्यांसमोर चालतं. असे दिवस आता इतरत्रही ठेवले जातात. मऊ केसांच्या ब्रशने पुस्तकाच्या वरच्या कडेवरची धूळ कण्याकडून बाहेर झटकायची, कापडावर जाळी धरून मगच हळू चालणारा व्हॅक्यूम फिरवायचा, झुंबराचा एकेक लोलक उतरवून त्याला क्रमांक लावायचा. काम करणाऱ्याला हवं ते विचारा, ते आनंदाने सांगतात. दोन तास हे पाहिलेली मंडळी पुढच्या वेळी आली की दारातच सॅक पोटावर घेतात, आणि मागून येणाऱ्या अनोळखी माणसालाही घ्यायला लावतात.