वीस फुटांवरची बोअर

दिंडोरी तालुक्यातील आमच्या वावराच्या बांधापासून वीस फुटांवर चुलतभावाने बोअर घेतली, त्या रात्री मी तिथेच उभा होतो. आधी पांढरट कोरडी भुकटी उडत राहिली, पहाटे तिचा राखाडी चिखल झाला आणि पाण्याची धार वर आली, तेव्हा नारळ फुटला. मी एवढेच म्हणालो, “दादा, जरा लांब तरी घ्यायची होती.” तो म्हणाला, “मी नाही घेतली तर पलीकडचा घेईल. तो काय तुझी-माझी वाट बघत बसणार आहे?” आठव्या दिवशी आमची मोटर तासाभरात हवा ओढू लागली.

त्या उत्तरात तेव्हा मला निव्वळ स्वार्थ दिसला. आता वाटते की त्यात लोभापेक्षा धास्ती अधिक होती. आमच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमात, आणि एकच भेग दोन-तीन सातबाऱ्यांखालून जाते. राखून ठेवलेले पाणी आपल्यालाच मिळेल याची शाश्वती नसेल, तर उपसणे हाच शहाणपणा ठरतो. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. दादाची बोअर चारशे फूट आहे, आणि खरे सांगायचे तर नंतर मी घेतलेली सव्वाचारशे.

२०१५ च्या ऑक्टोबरात वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा नाशिकमध्ये केवढा संताप उसळला होता. ‘आमच्या धरणातले पाणी’ हे शब्द मीही तावातावाने उच्चारले. खोऱ्यातील तुटवडा वरच्यांनी आणि खालच्यांनी समन्यायाने वाटून घ्यावा, ही तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातच आहे, हे मी पुष्कळ उशिरा वाचले. बांधावर मी न्याय मागत होतो आणि गोदाकाठी दादाचेच वाक्य बोलत होतो, हे ध्यानात येण्यास आणखी काही काळ लागला.

माणूस मुळातच स्वार्थी असल्यामुळे मानवजातीला भवितव्य नाही, असे हल्ली कुणीही सहज बोलून जातो. मला हे पटत नाही, कारण आमच्याच जिल्ह्यात, बागलाणात मोसम नदीवर, शेतकऱ्यांनी काही शतके फड, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी मिळून वाटून घेण्याची पद्धत, चालवले. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड पाडत, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि बहुतेकांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असत. नदीला पाणी कमी असले की एखादा फड कोरडा ठेवत. म्हणजे टंचाई कुणा एकट्याच्या वाट्याला न येता सर्वांच्या वाट्याला थोडी थोडी येई. पाटाचे बारे, म्हणजे शेतात पाणी सोडायचे तोंड, शेतकऱ्याने उघडायचे नाही, ते काम पाटकऱ्याचे. त्याच्यावर हवालदार, राखणीला जागल्या. ती माणसे आमच्याहून सज्जन होती असे मानण्याचे कारण नाही (जागल्या ठेवावा लागत होता, यातच काय ते आले), आणि ज्याला जमीनच नाही त्याला त्या पाण्यात वाटाही नव्हता. परंतु शेजाऱ्याचा फड बुडाला तर आपलाही तुकडा बुडतो, अशी ती बांधणी होती. पुढे नदीवर वर धरण झाले, विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याचे त्याचे पाणी वेगळे झाले आणि बरेचसे फड मागे पडले.

ओझोनविषयीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात मला हीच बांधणी दिसते: कराराबाहेर राहणाऱ्या देशांशी ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांच्या व्यापारावर निर्बंध आले, पुढे गरीब देशांसाठी निधीही उभा राहिला, त्यामुळे बाहेर राहणेच महाग पडू लागले. कर्बवायूंच्या बाबतीत इतके भक्कम काही उभे राहिलेले नाही. तिथे प्रत्येक देश ‘मी थांबलो तरी पलीकडचा थांबणार आहे का’ असे विचारतो, आणि १९९७ च्या क्योटो कराराला अमेरिकेने अखेरपर्यंत मान्यता दिली नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून मी आणि दादा एक दिवसाआड मोटर चालवतो. स्टार्टरच्या पेटीत वही टांगली आहे, सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ तीत लिहायची. या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची आहे. मंगळवार कुणाचाच नव्हता, पाणी भरू द्यायचे म्हणून तो मोकळा सोडलेला. वहीतही त्या दिवशी काही लिहिलेले नाही. बुधवारी सकाळी मी गेलो तेव्हा दादाच्या पाइपाच्या तोंडाशी माती ओली होती. मी दादाला अजून काही विचारलेले नाही, कारण त्याआधीच्या मंगळवारी अर्धा तास मीही चालवली होती.