आख्यान ठरलेलं, बोलणं आपापलं

मालवणकडच्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात माघी गणपती म्हणजे दोन रात्रींची चंगळ. पहिली रात्र शाळेच्या पोरांची, दुसरी मंडळाच्या संगीत नाटकाची. चाकरमानी रजा टाकून यायचे, शाळेच्या पटांगणात मांडव पडायचा. पायपेटी ऑर्गन शेजारच्या गावाहून टेम्पोत गाद्या घालून आणायचे, आणि तो उतरवून होईपर्यंत पेटीमास्तर चहालाही तोंड लावत नसत.

पोरांच्या नाटकात राजकन्या आणि राक्षस हमखास. एका वर्षी तालमीत सातवीतल्या मुलीने विचारलं, "बाई, पोपटाची मान मुरगळली की आपण मरणार हे राक्षसाला ठाऊक असतं ना? मग तो राजकन्येला सांगतो कशाला?" बाईंनी तालीम थांबवली आणि पोरांनाच गोल करून बसवलं. वाद बराच रंगला. शेवटी राक्षस झालेला मुलगाच म्हणाला, "तेका कोणीच कधी विचारूक नाय, तुझो जीव खंय आसा म्हणान." त्या रात्री त्याने ते वाक्य राजकन्येकडे बघत इतकं सावकाश म्हटलं की पुढे बसलेली बारकी पोरं "सांगू नको!" म्हणून ओरडली. मरण पोपटात होतंच. गुपित उघडं करणं मात्र राक्षसाचं स्वतःचं होतं, आणि हे पोरांना आमच्याआधी कळलं.

बाळ जन्मल्यावर पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असं मानणारं आमचं गाव. बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवणारी हीच माणसं मांडवात बसली की एकाही पात्राला नशिबाच्या नावावर सोडत नसत. ते मला फार आवडायचं.

मंडळाने अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' बसवलं ते वर्ष तर विसरणंच शक्य नाही. १८८० सालचं नाटक, पण आमच्या गाबतिणींसाठी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या गाबित घरांतल्या बायांसाठी, ते कालच घडलेलं होतं. दुष्यंत शकुंतलेला ओळख नाकारतो तेव्हा मागून आवाज आला, "खोटा बोलता मेलो! लगीन केल्यान ना तेना!" दुर्वासाचा शाप आहे, त्याला आठवतच नाही, हे तिला पटेना. मी पुढे महाभारत वाचलं आणि त्या बाईंची आठवण झाली. आदिपर्वात शापही नाही, अंगठीही नाही. तिथला दुष्यंत सगळं आठवत असून नाकारतो, आणि शकुंतला भर दरबारात त्याला खडसावते. लग्नाआधीच 'माझा मुलगा युवराज होईल' असं वचन तिने घेतलेलं असतं. शाप घातला मूळ संस्कृत नाटक लिहिणाऱ्या कालिदासाने, आणि राजा सुटला. नाटक म्हणून ते अप्रतिम आहे. पण शकुंतलेच्या हातातलं बरंचसं त्यात गेलं, असं मला मनापासून वाटतं.

लोक वाट बघायचे ती मात्र सहाव्या अंकाची. अंगठी गिळलेला मासा ज्याला सापडतो तो धीवर आमच्याकडे खराच मासेमारी करणारा होता. शिपाई चोर म्हणून दरडावतात तेव्हा त्याने कमरेची सुरी काढली, माशाचं पोट कुठे फाडायचं आणि पातं किती आत घालायचं ते हवेतच करून दाखवलं. संहितेत यातलं काही नव्हतं. वन्समोअर मिळाला, पदाला नव्हे, त्या सुरीला.

हा धीटपणा दशावताराचा, म्हणजे आमच्या तळकोकणातल्या लोकनाट्याचा. आमच्या जत्रांत आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, आटोपला, संकासूर गेला की आख्यान सुरू होतं. आख्यान पुराणातलं, शेवट सगळ्यांना पाठ. पण लिहिलेले संवाद नसतात. कोण कोणाला मारणार ते ठरलेलं, त्याआधी काय बोलायचं ते नटाने उभ्या उभ्या ठरवायचं. चांगला दशावतारी हरणाऱ्या राजाच्या तोंडी असं बोलणं घालतो की जिंकणाऱ्याची मान खाली जाते.

पुढे वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' झालं. हे १९६४चं नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि अभिषेकी गोव्यातल्या मंगेशीचे, म्हणजे हाकेच्या अंतरावरचे. शिवाय नायिका सत्यवती होडी वल्हवणारी. दुसऱ्या दिवशी रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढून झाल्यावर वाळूतच वाद पेटला.

"बापाशीन मागल्यान ता चुकला काय? होडयेवरल्या चेडवाक राजाघरी कोण विचारतलो?"

"पण लगीनच करूचा नाय म्हणान देवव्रताक कोणी सांगल्यान? ता तेनाच ठरयल्यान."

दोघंही बरोबर होते. सत्यवतीच्या बापाने, दाशराजाने, लेकीच्या मुलासाठी जे राज्य मागितलं तेच शकुंतलेने स्वतःसाठी मागितलं होतं. देवव्रताने, म्हणजे पुढच्या भीष्माने, दिलं तेही आपखुशीने. पण एकाने मोकळ्या मनाने घेतलेली शपथ पुढच्यांच्या कपाळी येऊन बसते, ती कशी पुसायची? सत्यवतीनेच पुढे भीष्माला शपथ मोडायला सांगितली, त्याने मोडली नाही.

तेवढ्यात मासे वेचणारी एक म्हातारी मान न वळवता म्हणाली, "आणि त्या अंबेन कोणाचा काय वायट केलेला?"

भीष्माने पळवून आणलेल्या आणि शपथेपायी नाकारलेल्या अंबेवरचं नाटक आमच्या मंडळाने अजून केलेलं नाही. पुढच्या माघीला तेच घ्या, असं मी कमिटीला कळवलंय. पेटीमास्तरांच्या नातवाने पदांना चाली लावायला घेतल्यात, आणि अंबा कोण करणार यावरून चाकरमान्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आत्तापासून जुंपली आहे.