तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांना आधी होल्मच्या खडकांकडे का नेते?

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतो. पुण्याहून आलेल्या दिरांनी विचारलं, लंडनच्या मैत्रिणीने विचारलं. गेल्या उन्हाळ्यात मावसबहिणीचा मुलगा आला, त्याने तर गाडीतून उतरायच्या आधीच विचारलं, "मावशी, मी कॅलनिशचे प्राचीन उभे दगड बघायला आलोय, तू हे कुठे आणलंस?"

स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस नावाचं बेट आहे. त्याच्या मुख्य गावात, स्टॉर्नवेत, मी पंधरा वर्षं नर्स म्हणून काम करते. पाहुणे उलापूलहून फेरीने येतात. ते धक्क्यावर उतरले की मी घरी जायच्या आधी त्यांना गावाबाहेर होल्मच्या टोकाला नेते. चहा नंतर. गवतातून पायवाट जाते, वारा बहुतेक वेळा अंगावर येणारा असतो, आणि पुढे कड्याजवळ 'आयोलेर' या इथे बुडालेल्या बोटीचं दगडी स्मारक उभं आहे. खाली समुद्रात काळे खडक दिसतात आणि त्यांच्यावर एक खांब रोवलेला आहे. फेरी बंदरात शिरताना तो उजव्या हाताला दिसतो, पण पाहुण्यांचं लक्ष तेव्हा सामानाकडे असतं.

सगळ्यांना एकदाच नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

१९१८ च्या नोव्हेंबरात पहिलं महायुद्ध थांबलं. लुईस आणि त्याला जोडलेल्या हॅरिसमधले पुरुष पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणारे, त्यामुळे नौदलाच्या राखीव दलात त्यांची भरती मोठी होती. चार वर्षं समुद्रावर काढून त्यातले बरेचसे नववर्षाच्या सुट्टीला घरी निघाले. इथे ख्रिसमसपेक्षा नववर्षाचा मान मोठा. ३१ डिसेंबरला ते रेल्वेने काइल ऑफ लोकॅल्श या बंदरात पोचले. रोजची टपालबोट 'शीला' होती, पण एवढी माणसं तिच्यात मावेनात. म्हणून नौदलाने 'आयोलेर' नावाची आगबोट पाठवली. मुळात ती एका श्रीमंत माणसाची हौशी याट, १८८१ साली बांधलेली. आयोलेर म्हणजे गेलिक भाषेत गरुड. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला ती निघाली. बोटीवर साधारण २८० माणसं होती, लाइफ जॅकेट ८० आणि होड्या दोन.

घरी काय चाललं होतं ते मला माझ्या शेजारणीने सांगितलं. तिच्या आजीच्या घरी त्या रात्री पीटचा विस्तव मोठा केला होता. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती. आपल्या गोवऱ्यांसारखे तिचे थर रचून ठेवतात आणि वर्षभर जाळतात. विस्तवापुढे खुर्चीवर मुलाचे कोरडे कपडे ऊब धरायला टाकले होते, कारण तो भिजून येणार हे ठरलेलंच. ते कपडे कुणी उचलले आणि कधी उचलले, हे त्या घरात नंतर कुणीच कधी बोललं नाही.

मध्यरात्र उलटली, नववर्ष लागलं. वारा वाढला होता. स्टॉर्नवेच्या बंदरात शिरायला वाट अरुंद आहे, डावीकडे आर्निशचा दीपस्तंभ, उजवीकडे होल्मचे खडक. आयोलेरने वळायला हवं होतं तिथे ती वळली नाही. पहाटे दोनला पाच मिनिटं कमी असताना ती खडकावर आदळली. बोटीवरच्या मुलांना गावातले दिवे दिसत होते. वर्षानुवर्षं त्यांनी हीच वाट होडीतून पार केली होती.

आता तुम्हाला उभं करते ती जागा. स्मारकाच्या पलीकडे जाऊन खाली बघा. बोट जिथे अडकली तिथून किनारा जेमतेम वीस यार्ड. साठ फूट. रेवसजवळच्या आमच्या घराच्या पडवीपासून विहिरीपर्यंत जेवढं अंतर आहे, तेवढं. आंघोळीला पाणी शेंदायला आम्ही सकाळी चार खेपा घालायचो, तेवढं. आणि तेवढ्या अंतरात २०१ माणसं गेली.

पाहुणे इथे हमखास गप्प होतात. पुस्तकात 'किनाऱ्याजवळ बुडाली' असं वाचलं की डोळ्यापुढे काहीच येत नाही. इथे उभं राहिलं की आकडा पायात उतरतो. मी त्यांना आधी इथे आणते ते याचसाठी. स्मारक जिथे माणसं गेली तिथेच असावं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मत मला या जागेने दिलं.

त्या रात्री सोडलेल्या होड्या लाटांनी उलथवल्या. जाड गणवेश, जड बूट, त्यात अनेकांना पोहता येत नव्हतं. मासेमारी करणाऱ्यांना पोहता येत नाही याचं लोकांना नवल वाटतं, पण गार पाण्यातल्या कोळ्याला पोहण्याचा उपयोग कमीच. लुईसच्याच नेस भागातला जॉन एफ. मॅक्लाउड, धंद्याने होड्या बांधणारा, हाताला दोर गुंडाळून पाण्यात उतरला आणि लाटांतून खडकावर पोचला. त्या बारीक दोराने पुढे जाड दोर ओढून घेतला, आणि त्याला धरून साधारण ४० जण बाहेर आले. वाचले एकूण ७९. काही जण डोलकाठीवर चढून बसले होते. एकेक करत ते गळून पडले. सकाळी उजाडलं तेव्हा तिच्यावर एकच तरुण उरला होता, त्याला उतरवून घेतलं.

सकाळी किनाऱ्यावर मुलांसाठी आणलेली खेळणी सापडली. मी हे सांगते तेव्हा माझा आवाज दरवेळी बसतो, पंधरा वर्षांनीही.

एकट्या लुईसमधले १७० च्या वर पुरुष त्यात होते. गाड्यांवरून शवपेट्या गावोगाव गेल्या. कित्येकांचे देह सापडलेच नाहीत. फेब्रुवारीत स्टॉर्नवेत जाहीर चौकशी झाली. ज्युरीने सांगितलं की बंदराजवळ येताना अधिकाऱ्यांनी पुरेशी सावधगिरी बाळगली नाही, वेग कमी केला नाही, टेहळणीला माणूस नव्हता, जॅकेटं आणि होड्या पुरेशा नव्हत्या. जबाबदार अधिकारी मात्र बोटीबरोबर गेले होते, विचारायचं कुणाला? त्याआधीच, महिनाही उलटला नव्हता आणि काही देह अजून पाण्यात होते, तेव्हा नौदलाने बुडालेल्या बोटीचं भंगार विकायला काढलं होतं. या गोष्टीचा राग इथल्या लोकांच्या मनात आजही आहे, आणि तो रास्त आहे.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात कठीण वाटतं. बेट गप्प झालं. वाचलेले बोलले नाहीत, विधवा बोलल्या नाहीत, मुलांनी विचारलं नाही. १९२४ साली स्टॉर्नवेजवळच्या टेकडीवर लुईसचं युद्धस्मारक उभं राहिलं. दगडी मनोरा, दुरून दिसणारा. त्यात युद्धात गेलेल्या हजाराहून अधिक जणांबरोबर आयोलेरचीही नावं आहेत. पण त्या खडकांजवळ, त्या रात्रीचं वेगळं स्मारक उभं राहिलं १९५८ साली. जवळजवळ चाळीस वर्षं. तेव्हा जे बाप व्हायचे ते आजोबा झाले होते.

काही जण म्हणतात, इतका उशीर म्हणजे बेपर्वाई. मला तसं वाटत नाही. मी इथल्या म्हाताऱ्यांना जवळून पाहिलं आहे. त्यांना आठवण नको होती असं नाही, आठवण इतकी जवळ होती की तिच्याकडे बोट दाखवणं अशक्य होतं. खडक उभे होतेच, रोज फेरीतून दिसत होते.

स्टॉर्नवेजवळच्या सँडविकच्या कब्रस्तानात गेलं की आणखी एक गोष्ट दिसते. पांढरे, एकाच मापाचे दगड, आणि तारीख तीच, १ जानेवारी १९१९. काहींवर नावच नाही. महायुद्धातला एक खलाशी, आयोलेरवरचा, देवाला ठाऊक असलेला, एवढंच. त्या निनावी दगडापुढे मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला आमच्या घरातली आषाढातली अमावस्या आठवली.

माझं माहेर रेवसजवळचं. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना उरला होता, आणि मुंबईच्या गिरण्यांतली, गोदीतली माणसं गटारीला घरी निघाली होती. सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट निघाली आणि काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडली. सहाशेवर माणसं बुडाली. त्यात माझ्या आजीचा धाकटा भाऊ होता. देह मिळाला नाही. आजी दिव्याच्या अवसेला कणकेचे दिवे करायची तेव्हा एक दिवा जास्त करायची आणि तो उंबऱ्याच्या बाहेर, समुद्राकडे तोंड करून ठेवायची. का, हे आम्ही विचारलं की म्हणायची, "वाट दिसावी." बस, तेवढंच. पुढे काही विचारायची सोय नव्हती. तो दिवा हेच त्याचं स्मारक, आणि ते वर्षातून एकदा, वारा येईपर्यंत टिकायचं.

मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांसाठीचं जुनं वसतिगृह आहे. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावं जपली आहेत, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. त्यांच्या बोटी जगभरच्या पाण्यात बुडाल्या, म्हणून नावं एका ठिकाणी आली. तो मान मोठाच आहे. पण आईबापाला जिथे जाऊन बघता येईल अशी जागा त्या नावांना नाही. होल्मला ती आहे.

२०१८ च्या अखेरीस, शताब्दीच्या आधी, स्टॉर्नवेच्या बंदरात किनाऱ्यावर २८० लाकडी खांब रोवले गेले. आयोलेरच्या खऱ्या आकारात, टोकापासून शेपटापर्यंत, आणि रात्री ते उजळायचे. भरती आली की त्यातले काही पाण्यात उभे राहायचे. मी कामावरून सुटले की तिथून मुद्दाम वळसा घालून जायची. लोक रस्त्यावर थांबायचे, खांब मोजायचे, आणि मग बोलायला लागायचे. हॉस्पिटलात एक पंच्याऐंशीचे गृहस्थ दाखल होते. त्यांनी मला विचारलं, "खांब पाहिलेस?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "माझा काका त्यातला एक." मी वर्षभर त्यांची ड्रेसिंग करत होते आणि हे मला तोवर माहीत नव्हतं. १ जानेवारी २०१९ ला होल्मला पुष्पचक्रं वाहिली गेली. त्या वेळी राजपुत्र असलेले चार्ल्स आणि स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख, निकोला स्टर्जन आले होते. त्या सगळ्याइतकाच मला त्या गृहस्थांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

दोन वर्षांपूर्वी आई आली. वय सत्तर, गुडघे दुखतात, आणि लांबच्या प्रवासाने थकलेली. मी म्हटलं, आधी घरी जाऊ. तिनेच विचारलं, "तू सगळ्यांना आधी कुठे नेतेस ना, तिथे चल." मी तिला हाताला धरून पायवाटेने नेलं. स्मारकापाशी ती थांबली, शाल डोक्यावर घेतली, वारा तिच्या पदराला सोडत नव्हता. तिने खाली पाहिलं. किनारा, खडक, खांब. मग पुन्हा किनारा. ओठ हलत होते, अंदाज घेत होती.

"पडवी ते विहीर," ती म्हणाली.

मी मान डोलावली. तिने पिशवीतून कणकेचा दिवा काढला, मुंबईहून डब्यात आणलेला, वाळून कडक झालेला. वाऱ्यात तो पेटणार नव्हता, हे तिलाही माहीत होतं. तिने तो स्मारकाच्या पायाशी, समुद्राकडे तोंड करून ठेवला आणि मला म्हणाली, "तो दोर घेऊन गेलेला मुलगा कुठून उतरला, ते दाखव."

मी तिला दाखवलं.