हळू आवाज

सर्दीत गायकाचा आवाज बसतो, असा लोकांचा समज आहे. माझा त्या दिवशी बसला नव्हता. मोठा आवाज खणखणीत होता, हळू आवाज तेवढा लागत नव्हता.

सकाळी उठलो की मी वरच्या पट्टीत अगदी बारीक गुणगुणून बघतो. त्या दिवशी दोन सूर नुसती हवा होऊन गेले. स्वरतंतू सुजले की हलायला जास्त दाब मागतात. जोर लावला तर बोलतात, नाजूक मागितलं की गप्प. डॉक्टरांनी कॅमेरा घालून पाहिलं. "रक्तस्राव नाही, सूज आहे. गायचं की नाही ते तुम्हीच ठरवा." ठरवायचं काय, कपाळ! गायलो नाही तर मानधन नाही, तालमींचे दिवसही फुकट. आयोजकांच्या करारात हे वाक्य सगळ्यात ठळक असतं.

संध्याकाळी व्हर्दी या इटालियन संगीतकाराचं रिक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, होतं. चार एकल गायक, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा नि कोरस, माइक नाही. मी टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष आवाज. त्यातल्या टेनरच्या 'इंजेमिस्को' या भागाची सगळ्यांना धास्ती, कारण शेवटी वरचा बी फ्लॅट हा उंच सूर. मला त्याची भीती नाही. सुरुवातीची तीन वर्षं मला बॅरिटोन, म्हणजे टेनरपेक्षा खालचा आवाज, समजून शिकवलं. मग दुसऱ्या गुरूंनी दोन वर्षं ई, एफ आणि एफ शार्प या सुरांवरच घासून घेतलं. टेनरचा आवाज तिथे कूस बदलतो. स्वर उघडा ठेवला तर वर किंकाळी होते, फार लवकर झाकला तर घशात अडकतो. तो सांधा जमला की बी फ्लॅट फार दूर नसतो. त्या रात्रीही तो बिनतक्रार आला.

भीती होती ती पुढच्या 'होस्तियास' या भागाची. खाली तंतुवाद्यं थरथरतात, टेनर एकटा, आणि सगळं अतिशय हळुवार, वर ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची झरझर अदलाबदल. निरोगी गळ्यालाही ते सोपं नाही. मध्यंतर नव्हतंच. मी खुर्चीत बसल्याबसल्या ठरवलं, मध्यम आवाजात गायचं. पहिल्याच ओळीला कंडक्टरचा डावा हात 'हळू' म्हणून खाली दाबला गेला. मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. ट्रिल तर गुळगुळीत लोणकढी थापच झाली.

ऑपेरात अशा वेळी पडद्यापुढे कुणीतरी येऊन 'गायकाची प्रकृती ठीक नाही' असं सांगतं. मलाही विचारलं होतं. नको म्हणालो, सांगितलं की श्रोते चुका शोधायलाच बसतात. खरं म्हणजे पुढचं काम जाईल, हीच धास्ती.

'लुक्स एतेर्ना' या भागानंतर टेनरला काम नाही. शेवटचं 'लिबेरा मे' सोप्रानोचं, म्हणजे उंच पट्टीच्या गायिकेचं. तेवढा वेळ मी सगळ्यांसमोर, मांडीवर स्वरलिपीचं पुस्तक उघडं ठेवून, शांत चेहऱ्यानं बसलो.

नंतर एक गृहस्थ मुद्दाम भेटायला आले. म्हणाले, "होस्तियास इतकं भरदार कधी ऐकलं नव्हतं." मी आभार मानले. कंडक्टर माझ्यामागेच कोट चढवत होता. त्यानं ऐकलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.