ओहायोला आता कुणी विचारत नाही

२०१२च्या ऑक्टोबरात आमच्या घरचा फोन दिवसातून दहा-बारा वेळा वाजायचा. मला नागरिकत्व मिळून जेमतेम वर्ष झालं होतं, अध्यक्षपदासाठी पहिल्यांदाच मत देणार होते. त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक फोन हौसेने घ्यायचे, रेकॉर्ड केलेला आवाज असला तरी शेवटपर्यंत ऐकायचे. आठवड्याभरात हौस फिटली. लेकीने टॉवेलची जाड घडी करून फोनवर टाकली. ओबामा आणि रॉम्नी दोघांच्याही इतक्या फेऱ्या व्हायच्या, की ओहायोच्या राजधानीत, आमच्या कोलंबसमध्ये, रस्ता अडला की लोक ‘अपघात झाला का?’ असं न विचारता ‘आज कोण आलंय?’ असं विचारायचे.

तेव्हा मला वाटलं होतं, इथे हे असंच असतं. असं ‘असतं’ नव्हतं, ‘होतं’. आणि त्या ‘होतं’च्या अगदी शेवटच्या टोकाला मी येऊन पोचले होते.

ओहायो जिंकेल तोच अध्यक्ष होणार, असं इथलं गणित होतं. १८९६ ते २०१६ या काळातल्या अध्यक्षीय निवडणुका मोजल्या तर ओहायोचा अंदाज फक्त दोनदा चुकलाय. १९४४ला ओहायोने रूझवेल्टऐवजी ड्यूईला मत दिलं. पण ड्यूईबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभा असलेला जॉन ब्रिकर हा इथलाच गव्हर्नर होता, तेव्हा त्याला चूक म्हणण्यापेक्षा घरच्या माणसाची भीड म्हणू. दुसरी चूक १९६०ची. केनेडीच्या सभांना इथे प्रचंड गर्दी झाली आणि मतं मात्र निक्सनला पडली. रिपब्लिकन पक्षाचा एकही माणूस आजवर ओहायो हरून अध्यक्ष झालेला नाही.

याचं कारण लोक शहाणे होते असं काही नाही. राज्याची वस्तीच मुळात चार दिशांनी झालेली. ईशान्येच्या पट्ट्यात कनेटिकटकडचे लोक आले, दक्षिणेत व्हर्जिनियाचे, सिनसिनाटीत जर्मन आणि आग्नेयेला अ‍ॅपलाचियाच्या डोंगरातले. पुढे पोलादाच्या भट्ट्या आणि मोटारींचे कारखाने आले, त्यामागे युनियन आल्या. बाहेर मका-सोयाबीनची शेती होतीच. अख्ख्या देशाचा नमुना एका राज्यात बसवल्यासारखं झालं. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत चांगलं सापडलं होतं.

एके काळी तर भातही इथलाच होता. ग्रँट, हेज, गारफील्ड, बेंजामिन हॅरिसन, मॅकिन्ली, टॅफ्ट, हार्डिंग, सात अध्यक्षांचा जन्म ओहायोतला. सगळे रिपब्लिकन. यातल्या हॅरिसनची १८९२ची गोष्ट मला फार आवडते. अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यातून निवडून आलेले प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर. तेव्हा लोक प्रत्येक इलेक्टरला वेगवेगळं मत देत. हॅरिसनने हजारेक मतांनी ओहायो जिंकलं, पण २३पैकी एक इलेक्टर त्याचा डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी ग्रोव्हर क्लीव्हलंडचा निवडून आला. पुढे अध्यक्षपदही क्लीव्हलंडलाच मिळालं.

१९२०ला कहर झाला. दोन्ही पक्षांचे उमेदवार ओहायोचे आणि दोघंही वर्तमानपत्रांचे मालक. रिपब्लिकन वॉरन हार्डिंग सिनेटर, मॅरियन गावचा. डेमोक्रॅट जेम्स कॉक्स गव्हर्नर, डेटनचा. हार्डिंगने बराचसा प्रचार आपल्या घराच्या ओसरीवरून केला. ते घर आम्ही मुलांना घेऊन बघायला गेलो होतो. ओसरीचं एक टोक बँडस्टँडसारखं गोल काढलेलं आहे. मी तिथे उभी राहून रस्त्याकडे बघितलं. समोर नेहमीसारखी शेजाऱ्यांची घरं. पाठीमागून आमचा धाकटा विचारतोय, आइस्क्रीम कधी? उमेदवाराने घरी बसायचं आणि देशाने आगगाडीने त्याच्या दारात यायचं, हे किती आरामाचं होतं! शिवाय देशभरातल्या बायकांना मताचा हक्क मिळाल्यानंतरची ती पहिलीच अध्यक्षीय निवडणूक.

माझी स्वतःची पहिली निवडणूक म्हणजे २००४, मत नसतानाची. वर्षभरापूर्वीच इथे आले होते. २ नोव्हेंबरला कोलंबसमध्ये पाऊस होता आणि मतदान यंत्रं कमी पडली होती. माझी मैत्रीण नागरिक होती. सकाळी फोन केला तर म्हणाली, दोन तास झाले, अजून दारसुद्धा दिसत नाही. मी थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि पुठ्ठ्याचे कप घेऊन गेले. तिला एक कप दिला, मग तिच्या पुढच्या बाईंना, मागच्या काकांना, आणि थर्मास संपला. कुणी कुणाला मत देणार हे विचारलं नाही, पण रांग सोडून कुणी जाईना. त्या रात्री देशाचा निकाल ओहायोवर अडकला. साधारण ५६ लाख मतांत बुश १ लाख १८ हजारांनी पुढे राहिले. इथली २० इलेक्टोरल मतं डेमोक्रॅट केरींना मिळाली असती तर अध्यक्ष ते झाले असते. मला वाटलं, आपल्या चहाचाही यात काही वाटा असणार. कोणत्या बाजूने, ते देव जाणे.

आमच्या कोपऱ्यावरचे आजोबा मूळचे यंग्जटाउनचे. वडील पोलादाच्या कारखान्यात. १९ सप्टेंबर १९७७ला तिथल्या मोठ्या कंपनीने कँबेल वर्क्स बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि हजारो नोकऱ्या गेल्या. त्या सोमवारला तिथले लोक अजून ‘काळा सोमवार’ म्हणतात. आजोबांनी निक्सनपासून बहुतेक वेळा जिंकणाऱ्यालाच मत दिलंय: कार्टर, रेगन दोनदा, थोरले बुश, धाकटे बुश, ओबामा दोनदा, ट्रंप. मी म्हटलं, तुम्ही म्हणजे चालतं-बोलतं ओहायो! तर म्हणाले, नाही, ९२ला मी अपक्ष रॉस पेरोला दिलं होतं. आणि हसले. पेरोला तेव्हा ओहायोत २१ टक्के मतं होती, म्हणजे इथेही ते एकटे नव्हतेच.

यंग्जटाउनची महोनिंग काउंटी निक्सननंतर अठ्ठेचाळीस वर्षं डेमोक्रॅटिक राहिली. २०२०ला ती ट्रंपकडे गेली. त्याच वर्षी ओहायोने साठ वर्षांनी पहिल्यांदा हरणाऱ्याला मत दिलं. ट्रंप इथे आठ टक्क्यांनी जिंकले आणि देशात हरले. २०२४ला फरक अकरा टक्क्यांवर गेला. ओहायो बदललं म्हणावं की देश बदलला आणि ओहायो मागे राहिलं? मला दुसरं जास्त पटतं. कारखाने गेले, तरुण पोरं बाहेर पडली, बाहेरून येणारे आमच्यासारखे बहुतेक कोलंबसपुरतेच. शीत तेच राहिलं, भात दुसराच शिजतोय. इलेक्टोरल मतंही एके काळी २६ होती, आता १७.

२०२४ला टीव्हीवर जाहिराती चिक्कार होत्या, नाही असं नाही. पण त्या सिनेटच्या जागेसाठी, ब्राउन आणि मोरेनो यांच्या. अध्यक्षपदासाठी आमचं मत मागायला कुणाला वेळ नव्हता.

त्या दिवशी मी मतदान केंद्रावर कामाला होते. पहाटे साडेपाचला हजर, शपथ घेतली, साडेसहाला दार उघडलं. इथे निम्म्यापेक्षा जास्त कर्मचारी एका पक्षाचे चालत नाहीत. आणि पक्ष ठरतो कसा, तर गेल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, तुम्ही कुठली मतपत्रिका मागितलीत त्यावरून. माझ्या टेबलावर दुसऱ्या पक्षाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. चौदा तास आम्ही बरणीतल्या गोळ्या वाटून खाल्ल्या आणि राजकारण सोडून सगळं बोललो. साडेसातला दार बंद. मग दोघींनी मिळून आकडे जुळवले, सील लावलं, दोघींच्या सह्या.

घरी पोचायला साडेदहा वाजले. नवऱ्याने जेवण झाकून ठेवलं होतं, टीव्ही चालू होता. पडद्यावर पेन्सिल्वेनियाची एकेक काउंटी मोठी करून दाखवत होते. डावीकडे, अर्धवट कापलेलं ओहायो कधीच रंगवून झालं होतं.